वृत्त ओळखणारा प्रोग्रॅम: गणित, छंद आणि पायथन एकत्र शिकण्याची एक वाट

प्रोग्रॅमिंग शिकताना व्हेरिएबल, इफ, लूप इथवर सगळं नीट चालतं. मग पुस्तक सांगतं, सम-विषम संख्या ओळखा, दहा विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढा. तिथे कंटाळा येतो, कारण त्या उत्तराची कुणाला गरजच नसते. यावर माझा उपाय सोपा आहे. जो विषय तुम्हाला आधीपासून येतो, तो प्रोग्रॅमिंगच्या टेबलावर आणा. तबला, भाजीचा हिशोब, क्रिकेटचा स्कोअर, व्याकरण, काहीही चालेल. उत्तर चुकलं तर ते पाहताक्षणी तुम्हाला खटकलं पाहिजे, एवढीच अट.

या लेखात मी छंदःशास्त्र, म्हणजे कवितेच्या वृत्तांचं शास्त्र घेतलंय. शाळेत लघू-गुरू सगळ्यांनीच कधी ना कधी पाडलेले असतात. नियम हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि त्यात दडलेलं गणित अस्सल आहे. प्राचीन छंदःशास्त्रकार पिंगलाने सूत्रांत सांगितलेल्या काही रीती आजच्या भाषेत सरळसरळ अल्गोरिदम आहेत. लेखाच्या शेवटी तुमच्याकडे ओळ टाकली की वृत्ताचं नाव सांगणारा प्रोग्रॅम असेल. वाटेत द्विमान (बायनरी) संख्या, पुनरावर्तन (रिकर्शन) आणि थोडं गणनशास्त्रही भेटेल.

तयारी

पायथन ३ लागेल. संगणकावर बसवायचं नसेल तर गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं. लूप, इफ, लिस्ट, डिक्शनरी आणि फंक्शन लिहिता आलं म्हणजे पुरे. गणित दहावीच्या पलीकडचं नाही.

पायथन ३ ला देवनागरीचं वावडं नाही. व्हेरिएबलची नावंसुद्धा 'ओळ', 'मात्रा', 'गण' अशी ठेवता येतात, फक्त इफ, फॉर, रिटर्न हे राखीव शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात. आकड्यांची एक गंमत आहे: मजकूर म्हणून आलेल्या '१२' चं इंट फंक्शन बिनतक्रार बारा करून देतं, पण कोडमध्ये थेट देवनागरी १२ लिहिलं की एरर येतो.

मी खाली पायऱ्या मराठीत लिहिणार आहे, तयार कोड देणार नाही. तयार कोड चिकटवला की प्रोग्रॅम चालतो आणि शिकणं थांबतं. एकेक पायरी पाच-दहा ओळींत बसेल अशीच आहे.

पायरी १: आधी वहीवर

ही ओळ घ्या:

निघाले घरातून सारे सकाळी

ओळ माझीच आहे. काव्य म्हणून तिची किंमत फारशी नाही, पण चाचणीला बरी आहे. लघूला ल आणि गुरूला गा असं लिहीत हाताने पाडा: नि-घा-ले, घ-रा-तू, न-सा-रे, स-का-ळी. चारही वेळा लगागा येतं. तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात आणि लगागा हा य गण, म्हणजे इथे चार य गण. वृत्त भुजंगप्रयात. समर्थांचे मनाचे श्लोक याच वृत्तात असल्यामुळे चाल बहुतेकांच्या कानात असते, ओळ म्हणून बघा.

आता तुम्ही कोणते नियम वापरलेत ते लिहून काढा. मराठीचा गंध नसलेल्या पण अतिशय आज्ञाधारक माणसाला सांगताय असं समजा. अ, इ, उ, ऋ असलेलं अक्षर लघू. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं गुरू. अनुस्वार किंवा विसर्ग असला तर गुरू. पुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात मागच्या अक्षरावर पडला तर ते मागचं अक्षर गुरू.

यादी छान दिसते, पण 'घरातून' मधला न पाहा. बोलताना आपण तो हलन्त म्हणतो. वृत्तात मात्र तुम्ही त्याला पूर्ण अक्षर धरलंत आणि लघू मोजलात. तसं करायचं हे तुम्हाला ठाऊक होतं, पण यादीत लिहिलं नव्हतं. पुढच्या पायऱ्यांत असे न लिहिलेले नियम एकामागून एक वर येतील. दोन विषय एकत्र करण्याचा खरा फायदा मला यातच दिसतो: आपल्याला येणाऱ्या विषयातलं काय आपण नुसतं कानावर सोपवून दिलंय, ते संगणक विचारायला लावतो.

पायरी २: अक्षर म्हणजे नेमकं काय

पायथनला 'निघाले' या शब्दाची लांबी विचारा. लेन फंक्शन ६ सांगेल. 'सकाळी' ची ५. 'विद्यार्थी' ची चक्क १०, आणि आपल्या हिशोबाने त्यात अक्षरं तीनच.

संगणक युनिकोडचे क्रमांक साठवतो. देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक दिलेले आहेत. क चा २३२५, ह चा २३६१, काना २३६६, पहिली वेलांटी २३६७, हलन्ताचं चिन्ह २३८१, अनुस्वार २३०६. प्रत्येक चिन्ह वेगळं मोजलं जातं. 'नि' म्हणजे न आणि त्यानंतर वेलांटी. डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, साठवणीत ती नंतरच असते. ऑर्ड फंक्शनने कुठल्याही शब्दाचे क्रमांक छापून पाहा, अर्धा तास मजेत जातो.

म्हणजे पहिलं काम अक्षरं पाडण्याचं. शब्दातली चिन्हं डावीकडून एकेक घेत चला:

चिन्ह स्वर असेल (अ, आ, इ…), तर नवं अक्षर सुरू करा.
चिन्ह व्यंजन असेल आणि त्याच्या आधीचं चिन्ह हलन्त असेल, तर ते चालू अक्षराला जोडा.
व्यंजन असेल आणि आधी हलन्त नसेल, तर नवं अक्षर सुरू करा.
काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग, हलन्त यांपैकी काही असेल, तर चालू अक्षराला चिकटवा.

'विद्यार्थी' यातून वि, द्या, र्थी असा बाहेर पडला पाहिजे. रफार डोळ्यांना थी च्या डोक्यावर दिसतो, साठवणीत तो थ च्या आधीचा र आणि हलन्त असतो, त्यामुळे नियम त्याला आपोआप सांभाळतो.

दोन अडचणी इथेच मिटवून टाका. 'अर्थात्' सारख्या शब्दाच्या शेवटचा त् स्वतंत्र अक्षर नाही, त्याला स्वर नाही. तो आधीच्या अक्षराला जोडा आणि ते अक्षर गुरू धरा. दुसरी अडचण मराठीची खास आहे: ऱ्य आणि ऱ्ह. 'दुसऱ्या' मधला अर्धा र काही कीबोर्ड २३५३ क्रमांकाच्या ऱ ने लिहितात, काही साध्या र नंतर नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) देऊन, तर काही र, हलन्त आणि मग ८२०५ क्रमांकाचा न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही एकच दिसतात, प्रोग्रॅमला मात्र तीन वेगळे शब्द दिसतात. नुक्त्याचा प्रकार युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी सोय) सरळ करतं. जोडकाचा प्रकार आपणच बदलायचा: र, हलन्त, जोडक ही तिकडी दिसली की ऱ आणि हलन्त ठेवा, आणि मगच उरलेले अदृश्य जोडक काढून टाका. उलट क्रमाने केलंत तर 'दुसऱ्या' चा 'दुसर्या' होईल आणि स उगाच गुरू ठरेल.

पायरी ३: वजन ठरवणं

आता लघू-गुरू ठरवणारं फंक्शन. त्याला अक्षरांची यादी द्या, त्याने वजनांची यादी परत करावी. लघूसाठी १ आणि गुरूसाठी ० वापरा. मात्रांप्रमाणे लघू १ आणि गुरू २ का नाही, ते पाचव्या पायरीत कळेल.

पहिल्या चाचणीची ओळ बिनचूक येईल. मग ही द्या:

तुम्हाला मिळाली कशी ही शिदोरी

इथे प्रोग्रॅम पहिल्याच अक्षराला गुरू म्हणेल, कारण पुढे म्हा हे जोडाक्षर आहे. ओळ म्हणून पाहा. 'तु' वर कुणी आघात देत नाही. मराठीत म्ह, न्ह, ण्ह, ल्ह, ऱ्ह, ऱ्य या जोडण्या मागच्या अक्षराला सहसा जड करत नाहीत. 'तुम्ही' मधला तु आणि 'दुसऱ्या' मधला स लघूच राहतात. तेव्हा अपवादांची एक छोटी यादी करा आणि पुढचं अक्षर त्यातल्या जोडणीने सुरू होत असेल तर नियम लावू नका. शब्द संपून पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर जोडाक्षर असेल तर काय करायचं? संस्कृत श्लोकात एका चरणाच्या आत नियम लागतो. मराठीत आघात पाहावा लागतो. प्रोग्रॅमला कान नाही, म्हणून फंक्शनला एक जास्तीचा पर्याय द्या: संस्कृत की मराठी.

तिसरी ओळ:

नदीच्या किनाऱ्यास विश्रांति झाली

आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे 'विश्रांती' दीर्घ लिहायला हवं. तसं लिहिलंत की वृत्त मोडतं, कारण ति लघू हवा आहे. कवी अशी सूट घेतात आणि छापणारे कधी ती ठेवतात, कधी 'सुधारतात'. त्यामुळे जुळत नाही एवढंच सांगून थांबणारा प्रोग्रॅम फारसा उपयोगाचा नाही. 'दहाव्या अक्षरावर लघू हवा होता, गुरू आहे' असं सांगणारा हवा. दोन याद्या शेजारी ठेवून पहिला फरक कुठे पडतो ते छापणं, एवढाच तो जास्तीचा कोड.

चरणाचं शेवटचं अक्षर लघू असलं तरी गुरू मानायची मुभा आहे, ही शेवटची सूट. जुळणी आधी जशीच्या तशी करून पाहा, नाही जमली तर शेवटचं अक्षर गुरू करून पुन्हा करा.

पायरी ४: यमाताराजभानसलगा

आता तीन-तीन अक्षरांचे गण. तीन जागा, प्रत्येक जागी दोन शक्यता, म्हणजे आठ गण. आठांचा तक्ता हाताने कोडमध्ये भरू नका. 'यमाताराजभानसलगा' हा शब्द तुम्ही नुकत्याच लिहिलेल्या फंक्शनला द्या. दहा वजनं मिळतील. पहिल्या अक्षरापासून तीन वजनं घ्या (यमाता: लगागा) आणि ती डिक्शनरीत य या नावाखाली ठेवा. एक घर पुढे सरका: मातारा, गागागा, म. असं स पर्यंत करत गेलात की आठही गण तयार. शेवटचे ल आणि गा म्हणजे गणांत न बसलेली सुटी अक्षरं. तक्ता बरोबर आला तर तिसऱ्या पायरीचं फंक्शनही बरोबर आहे, ही वरची कमाई.

या शब्दात थांबण्यासारखं काहीतरी आहे. लघू-गुरूच्या तीन जागांच्या आठही रचना त्यात प्रत्येकी एकदाच येतात, एकही दोनदा येत नाही. अशा मांडणीला आज डच गणिती डी ब्रॉइन यांच्या नावाने ओळखतात. त्यांचा या विषयावरचा लेख १९४६ चा. त्याच कल्पनेवर उभारलेले आलेख आज डीएनएचे छोटे तुकडे जोडून पूर्ण जनुकक्रम लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वापरले जातात. शाळेत आपण तो शब्द नुसता घोकला.

स्वाध्याय म्हणून: चार जागांच्या सोळा रचना एकदाच येतील असा शब्द प्रोग्रॅमकडून शोधून घ्या. लांबी १९ अक्षरं येईल. का, ते आधी कागदावर.

मग वृत्तांची डिक्शनरी. सुरुवातीला एवढी पुरे: इंद्रवज्रा त त ज ग ग, उपेंद्रवज्रा ज त ज ग ग, भुजंगप्रयात य य य य, वसंततिलका त भ ज ज ग ग, मालिनी न न म य य, मंदाक्रांता म भ न त त ग ग, शार्दूलविक्रीडित म स ज स त त ग. ओळीचे गण काढा, डिक्शनरीत शोधा, नाव छापा. प्रोग्रॅम इथे 'पूर्ण' झाला, आणि बरेच लेख इथेच संपतात. गणिताची खरी मजा मात्र यापुढे आहे.

पायरी ५: वृत्ताचा क्रमांक

बारा अक्षरांच्या ओळीत लघू-गुरूच्या किती रचना शक्य आहेत? दोनचा बारावा घात, म्हणजे ४०९६. पिंगलाने या सगळ्या रचना एका ठरावीक क्रमाने मांडायची पद्धत दिली, तिला प्रस्तार म्हणतात. पहिल्या ओळीत सगळे गुरू, शेवटच्या ओळीत सगळे लघू. तीन अक्षरांचा प्रस्तार मांडलात तर गण म, य, र, स, त, ज, भ, न या क्रमाने येतात.

रचना दिली असता तिचा क्रमांक काढणं म्हणजे उद्दिष्ट. लघूला १ आणि गुरूला ० का दिला ते आता दिसेल. पहिल्या अक्षराखाली १, दुसऱ्याखाली २, मग ४, ८, १६ असं दुप्पट करत लिहा. लघू असलेल्या जागांखालचे आकडे मिळवा आणि शेवटी १ वाढवा. भुजंगप्रयातात लघू पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या जागी आहेत: १ + ८ + ६४ + ५१२ = ५८५, त्यात १ मिळवून ५८६. म्हणजे बारा अक्षरांच्या ४०९६ रचनांत भुजंगप्रयात ५८६ वा. हीच द्विमान संख्या, फक्त लहान किमतीची जागा डावीकडे.

तो शेवटचा अधिक एक विसरू नका. पिंगल एकपासून मोजतो, पायथनच्या याद्या शून्यापासून. दोघांमधला हा एकचा फरक नवशिक्यांना जितका छळतो, तितकं दुसरं काही छळत नाही.

उलट दिशा म्हणजे नष्ट: क्रमांक दिलाय, रचना शोधा. पिंगलाची रीत अशी. संख्या सम असेल तर लघू लिहा आणि संख्या निम्मी करा. विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा आणि निम्मी करा. अक्षरं पूर्ण होईपर्यंत हेच. ५८६ सम, लघू, २९३. विषम, गुरू, १४७. विषम, गुरू, ७४. पहिला य गण तयार झालाच. पुढचे नऊ टप्पे तुम्ही करा, मग कोडमध्ये उतरवा. कोड चार-पाच ओळींत मावतो.

आता ही दोन फंक्शनं एकमेकांच्या परीक्षेला बसवा. १ ते ४०९६ प्रत्येक क्रमांकावरून रचना काढा, रचनेवरून परत क्रमांक काढा, तोच येतो का पाहा. एका सेकंदाच्या आत निकाल लागतो. जाऊन परत येता आलं पाहिजे, ही चाचणी कुठल्याही विषयात चालते आणि ती लिहायला आळस करू नये असं माझं ठाम मत आहे.

हाताशी प्रोग्रॅम आहेच, तर इंद्रवज्रा आणि उपेंद्रवज्रा यांचे क्रमांक काढा. अकरा अक्षरांच्या २०४८ रचनांत ते ३५७ आणि ३५८ येतात. सख्खे शेजारी. फरक फक्त पहिल्या अक्षराचा, आणि पहिल्या अक्षराची किंमत एक. दोन्हींचे चरण मिसळून उपजाती होते हे व्याकरणात वाचलेलं असतं, इथे त्याचा पत्ता सापडतो.

पायरी ६: मात्रा मोजताना

अक्षरगणवृत्तात अक्षरांची संख्या ठरलेली असते, मात्रावृत्तात मात्रांची. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग ठरावीक मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? एका मात्रेची १ तऱ्हा. दोन मात्रांच्या २: लल किंवा गा. तीनच्या ३, चारच्या ५, पाचच्या ८. कारण असं: ओळीचं शेवटचं अक्षर लघू असेल तर आधी एक मात्रा कमी असलेली ओळ आहे, गुरू असेल तर दोन कमी असलेली. म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज. विरहांक या छंदःशास्त्रकाराने ही रीत मांडली, जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकात ती पुन्हा सांगितली. पिसाच्या लिओनार्डोचं, म्हणजेच फिबोनाचीचं, सशांचं गणित १२०२ चं. जग आज ज्याला फिबोनाची क्रम म्हणतं तो हाच.

पादाकुलकाच्या ओळीत १६ मात्रा असतात. तऱ्हा येतात १५९७.

याचं फंक्शन स्वतःलाच बोलावणारं लिहा, यालाच पुनरावर्तन म्हणतात: 'न मात्रांच्या तऱ्हा म्हणजे न उणे एकच्या तऱ्हा अधिक न उणे दोनच्या तऱ्हा'. व्याख्या जशी बोलली तशीच कोडमध्ये उतरते. १६ ला क्षणात उत्तर येतं. ४० द्या आणि वाट पाहा. उत्तर १६,५५,८०,१४१ आहे, पण ते मिळवायला फंक्शन स्वतःला कोट्यवधी वेळा हाका मारत राहतं, तेच तेच पुन्हा मोजत. एक डिक्शनरी ठेवून काढलेली उत्तरं तिच्यात टिपत गेलात की ४० काय, ४०० मात्रांचंही उत्तर लगेच येतं. पुनरावर्तनावरचं व्याख्यान ऐकण्यापेक्षा ही वाट पाहणं जास्त शिकवतं.

आता उत्तर दुसऱ्या बाजूने पडताळू. भुजंगप्रयाताच्या ओळीत चार लघू आणि आठ गुरू, म्हणजे २० मात्रा. २० मात्रांच्या एकूण तऱ्हा १०९४६. याच तऱ्हा गुरूंच्या संख्येप्रमाणे वेगळ्या करा: एकही गुरू नाही, एक गुरू, दोन गुरू, असं दहापर्यंत. आठ गुरू असतील तर चार लघू उरतात, बारा अक्षरं झाली, आणि बारा जागांतून आठ निवडायच्या रीती ४९५. अशा अकरा संख्यांची बेरीज १०९४६ च आली पाहिजे. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावरच्या टीकेत ज्या मेरुप्रस्ताराचं विवरण केलं, तोच हा निवडींचा त्रिकोण, आज ज्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. बेरीज जुळली नाही तर दोनपैकी एक फंक्शन चुकलंय. कोणतं, ते लहान संख्येवर हाताने मोजून ठरवा.

हीच रीत तबल्यावर

संगीतवाल्यांसाठी एक छोटा प्रयोग. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा, मधल्या दोन विश्रांती सारख्या, आणि शेवटचा ठोका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. १६ मात्रांच्या तीनतालात समेपासून उचलून पुढच्या समेवर यायचं तर ती पुढची सम धरून एकूण १७ मात्रा हव्यात (इथे मात्रा म्हणजे तालाचा ठोका). तीन गुणिले बोल अधिक दोन गुणिले विश्रांती बरोबर १७. एकात एक असे दोन लूप लावा, तीन उत्तरं मिळतील: बोल ५ आणि विश्रांती १, बोल ३ आणि विश्रांती ४, बोल १ आणि विश्रांती ७. झपतालाला १७ च्या जागी ११ ठेवा, रूपकाला ८. नवव्या मात्रेपासून उचलायचं असेल तर तीनतालात ९ मात्रा उरतात, पुन्हा शोधा.

एका मात्रेचा बोल आणि सात मात्रांची विश्रांती गणिताला मान्य आहे, पण तशी तिहाई वाजवून पाहा, ऐकणाऱ्याला ती तिहाई वाटणार नाही. प्रोग्रॅम शक्यता पुढे ठेवतो, त्यातलं काय घ्यायचं हे विषय जाणणाऱ्यानेच सांगायचं.

शुद्ध संख्यांचीच आवड असेल तर देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची ६१७४ घ्या. चार अंकी संख्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करा, हेच करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर पोचता. सगळ्या संख्यांवर तपासणारा लूप दहा मिनिटांत होतो. फक्त १००० पासून सावध: १००० वजा १ म्हणजे ९९९, आणि ते ०९९९ असं चार अंकी ठेवलं नाही तर पुढच्या पायरीला शून्य येतं आणि कापरेकर चुकले असं वाटतं.

स्वतःचा विषय निवडताना

'शेतीसाठी ॲप' किंवा 'शेअर बाजाराचा अंदाज' असलं काही पहिल्यांदा घेऊ नका. त्यात नियम अस्पष्ट, डेटा मिळवायला कष्ट आणि बरोबर-चूक ठरवायला वर्ष लागतं. ज्याचं एक उदाहरण वहीच्या अर्ध्या पानावर सोडवता येतं ते घ्या: कर्जाच्या हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, पैठणीच्या काठावरची नक्षी किती धाग्यांनी पुन्हा येते, रांगोळीच्या ठिपक्यांत किती चौकोन बसतात. आधी पाच उदाहरणं हाताने सोडवून उत्तरं लिहून ठेवा, मग कोडला हात लावा. पाचपैकी एक तरी मुद्दाम विचित्र असू द्या: रिकामी ओळ, शून्य हप्ता, एकच ठिपका. आणि नियम बदलला की जुनी पाचही पुन्हा चालवा, कारण 'तुम्ही' दुरुस्त करताना 'विद्यार्थी' बिघडलेला असू शकतो.

वृत्तांचाच प्रोग्रॅम पुढे न्यायचा असेल तर पुढचं काम यतीचं. मंदाक्रांतेत चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर विराम हवा, मालिनीत आठव्यानंतर. त्यासाठी अक्षरं पाडताना प्रत्येक शब्द कुठे संपतो तेही वेगळ्या यादीत टिपून ठेवावं लागेल, म्हणजे दुसऱ्या पायरीचं फंक्शन पुन्हा उघडायचं. ते झालं की एखादा आवडता श्लोक चारही चरणांसकट टाका आणि कुठल्या चरणात यती शब्दाच्या मधोमध पडते ते पाहा.